भिंतीपासून एक हात

शुक्रवारी सकाळी ऑफिसचं ओळखपत्र सापडेना, म्हणून रविवारी गाडीत पडलं असेल असं धरून मी शेडमध्ये गेलो, दार उघडून सीटखाली हात घातला, कार्ड मिळालं, आणि उठताना दिसलं की गिअरचा दांडा उजवीकडे झुकलेला आहे. एवढंच. कुणी मेलं नव्हतं, काही फुटलं नव्हतं, कुठून धूरही येत नव्हता. पण मी एक पाय आत आणि एक बाहेर अशा अवस्थेत बराच वेळ तिथे राहिलो. शेजारच्या काकूंनी जाता जाता विचारलं, "कंबर धरली का रे?" मी "हो" म्हणालो, कारण ते सांगायला सोपं होतं.

गाडी बाबांची आहे. दोनच सीटची, बुटकी, कापडी टपाची, वेगासाठी बनवलेली आणि आठवड्यातून एकदा दूधवाल्याच्या वेगानं फिरवली जाणारी. एके काळी ती लाल होती; आता हजार वेळा धुतलेल्या टॉवेलसारखी आहे. तिचा किलोमीटर मोजणारा आकडा फार पूर्वी थांबलाय, पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असतो, आणि गिअरचा दांडा मधे येत नाही. धड गाडीत गिअर काढला की दांडा आपला आपण मधोमध येऊन उभा राहतो, शाळेतल्या सावधानसारखा. आमचा राहत नाही. गेली अकरा वर्षं त्याला जिथे सोडावं तिथे तो पडून असतो. पहिल्या-दुसऱ्यातून काढला तर डावीकडे, तिसऱ्या-चौथ्यातून काढला तर मधे, आणि पाचव्यातून किंवा रिव्हर्समधून काढला तर उजवीकडे. म्हणजे शेवटी गाडी कशात होती, हे तो दुसरा हात लागेपर्यंत लक्षात ठेवतो. मी शेडमध्ये शिरतो तो पहिल्या गिअरमध्ये, सरळ, भिंतीला टेकवलेल्या जुन्या गादीला बॉनेट लागेपर्यंत. रविवारी तसाच शिरलो होतो, दांडा डावीकडे टाकून उतरलो होतो. आणि आता तो उजवीकडे होता. पाचव्या गिअरमध्ये कुणी शेडमध्ये आलं असतं तर भिंत जागेवर नसती. भिंत होती. मग मी पुढे वाकून पाहिलं. बॉनेट आणि गादी यांच्यात बरोबर एक हात अंतर होतं. कुणीतरी आत आलं होतं आणि रिव्हर्स टाकून एक हात मागे सरकलं होतं. आणि या शहरात असं करणारी माणसं फक्त एकाच ठिकाणी तयार झाली आहेत.

बाबांनी तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. चार हजारांच्या वर माणसं त्यांच्या हाताखालून रस्त्यावर गेली. गाडी लावायची त्यांची पद्धत ठरलेली: भिंतीपर्यंत जा, थांबा, मग रिव्हर्स टाकून एक हात मागे या. "भिंत आणि गाडी यांच्यामध्ये एक माणूस उभा राहायला पाहिजे. कोण माणूस ते विचारू नका, तो येतो." चार हजार लोक अजूनही त्या न आलेल्या माणसासाठी जागा सोडत असतील. मी सोडत नाही, कारण बाबांनी मला शिकवलं नाही. अठराव्या वाढदिवसाला मी त्यांच्यापुढे उभा राहिलो तेव्हा ते भात कालवत म्हणाले, "घरच्या माणसाला मी शिकवत नाही. ओरडावं लागतं. मग जेवताना त्रास होतो." झालं. मी चौकातल्या दुसऱ्या स्कूलमध्ये नाव घातलं, जिथले सर शिकवताना झोपायचे आणि ब्रेक जोरात लागला तरच उठून "छान" म्हणायचे. लायसन मिळालं ते बाबांना दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "फोटो बरा आलाय." लहानपणी मी खिडकीत बसून त्यांचा आवाज ऐकायचो. ते परक्या बायकांना, बँकेतल्या कारकुनांना, एकदा तर एका जादूगाराला सांगत असायचे, "सोडा क्लच. हळू. अजून हळू. शाबास." तो शाबास गाडीच्या काचेतून बाहेर पडून रस्त्यावर विरून जायचा आणि मला वाटायचं, एखादा तरी चुकून आपल्याकडे येईल.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्यांनी मधूनच संप केला. मधूनच म्हणजे अगदी मधून: त्यांना कडा दिसतात, मधलं दिसत नाही. माणसाकडे बघायचं तर त्याच्या कानाकडे बघावं लागतं. डॉक्टरांनी गाडी बंद केली. आईनं त्यांच्याकडून शब्द घेतला, स्वतःच्या डोक्यावर त्यांचा हात ठेवून, आणि किल्ली त्यांच्या खिशातून काढून माझ्या हातात दिली. "आजपासून ही तुझ्याकडे. ते मागतील, रडतील, द्यायची नाही. कुणाचं तरी पोर चाकाखाली यायचं." मी तेव्हा स्वतःला घरातला मोठा माणूस समजलो आणि किल्ली माझ्या खोलीतल्या खिळ्याला टांगली, जिथून ती घरातल्या कुणालाही काढता आली असती. तेव्हापासून दर रविवारी मी बाबांना फिरवून आणतो. ते डाव्या सीटवर बसतात, तीस वर्षं बसले तसेच, आणि प्रत्येक वळणावर त्यांचा पाय नसलेला ब्रेक दाबतो. तिथली रबरी चटई झिजून आरपार गेली आहे.

तर शुक्रवारी सकाळी, ओळखपत्र हातात धरून, मला एवढं कळलं होतं की बाबांनी शब्द मोडला. मधलं न दिसणारा माणूस मधल्या रस्त्यानं गाडी घेऊन जाऊन आला होता. मी वर आलो. बाबा रेडिओजवळ बसून सफरचंद सोलत होते, बोटांनी, डोळ्यांशिवाय, सालीची एकच लांब पट्टी काढत.

"बाबा, गाडीला कुणी हात लावला होता का?"

"कुठल्या गाडीला?"

"आपल्याकडे किती आहेत?"

"मला काय विचारतोस? मला समोरचा सोफा दिसत नाही, शेड कुठून दिसणार? किल्ली तुझ्याकडे. तू सांग, कुणी लावला हात?" असं म्हणून त्यांनी माझ्या कानाला सफरचंदाची फोड देऊ केली.

इथे माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आतलं लाल बटण दाबतो तेव्हा पलीकडे जो बोलतो, तो मी. मेकॅनिक येईपर्यंत त्याला बोलतं ठेवायचं, हे माझं काम. माझं मुख्य वाक्य आहे, "माणूस निघालाय, रस्त्यातच आहे." बहुतेक वेळा माणूस निघालेला नसतो. बहुतेक वेळा माणूस चहा पीत असतो, किंवा मुळात माणूसच नसतो, कारण दोघे रजेवर आणि तिसरा दुसऱ्या लिफ्टवर. पण हे वाक्य एका विशिष्ट सुरात म्हटलं की अडकलेला श्वास सोडतो. सूर थोडा संथ, थोडा उबदार, शेवटाकडे किंचित वैतागलेला, म्हणजे ऐकणाऱ्याला आपणच जास्त विचारल्यासारखं वाटतं. सात वर्षांत मी तो सूर इतका घासलाय की तो झोपेतही ओळखेन. बाबांचं "तू सांग, कुणी लावला हात?" हे तंतोतंत त्या सुरात होतं. मी फोड खाल्ली. ती गोड होती, याचाही मला राग आला.

मी शेडमध्ये परत गेलो. दांडा हातानं डावीकडे ढकलला, गाडी पुढे सरकवून गादीला टेकवली आणि आठवडाभर रोज सकाळी जाऊन पाहिलं. सोमवारी डावीकडे, मंगळवारी डावीकडे, बुधवारी डावीकडे, गुरुवारी सकाळीही डावीकडे. शुक्रवारी उजवीकडे. म्हणजे गुरुवार. गुरुवारी आई-बाबा बसनं डोळ्यांच्या दवाखान्यात जातात. मी आईला विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" ती म्हणाली, "सुधारणा आहे." "कशात?" "सगळ्यातच." आणि कढईकडे वळली. म्हणजे आईलाही माहीत होतं. जिनं डोक्यावर हात ठेवून घेतला तीच त्यांच्या शेजारी बसून "अहो, डावीकडे सायकल, पुढे कुत्रं" असं सांगत जात असणार. पुढचे सहा दिवस मी ऑफिसात अडकलेल्या लोकांशी बोलताना हेच चित्र बघत होतो. एक बाई चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे रडत होत्या आणि मी त्यांना म्हणालो, "घाबरू नका, आई बघतेय." त्या एकदम गप्प झाल्या. नंतर त्यांनी तक्रार केली नाही, उलट आभाराचा मेल आला.

पुढच्या गुरुवारी अर्धी रजा टाकून मी शेडसमोरच्या सलूनमध्ये बसलो. तिथल्या आरशात शेडचं दार नेमकं दिसतं. मला वाटलं होतं, दहा मिनिटांत काय ते समजेल. गाडी तोपर्यंत निघून गेली होती; परत यायची वाट बघायची होती. न्हाव्यानं केस कापले, मी उठलो नाही. "अजून बारीक करू?" मी म्हणालो, "करा." थोड्या वेळानं पुन्हा, "अजून?" "करा." "साहेब, आता खाली कातडी आहे." "मग कडेनं करा." पाऊण तासात माझं डोकं मशीन फिरवलेल्या लॉनसारखं झालं. मला आरशात एक अनोळखी, नुसत्या कानांचा, घाबरलेला माणूस दिसत होता आणि त्याच्या खांद्यावरून लाल टॉवेलसारखी गाडी वळून आत आली.

गाडी आई चालवत होती.

डोक्याला रुमाल, बाबांचा दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा, दोन्ही हात स्टिअरिंगवर परातीची कड धरल्यासारखे. बाबा डाव्या सीटवर, मान बाजूला कलती, इंजिनाचं ऐकत. टप उघडा होता, सलूनचं दारही. आई शेडमध्ये शिरली, भिंतीपाशी थांबली, मागचा पांढरा दिवा लागला, आणि बाबांचा तो आवाज आला, खिडकीतून ऐकलेला, दुसऱ्यांसाठीचा. "सोडा क्लच. हळू. अजून हळू." आईलाही ते अहो-जाहो करत होते, शिकणाऱ्याला करायचे तसं. गाडी एक हात मागे आली आणि थांबली. "शाबास," बाबा म्हणाले. आई म्हणाली, "आज एकदाही ओरडला नाहीत हो." "ओरडलो असतो, तर जेवताना त्रास झाला असता." आणि दोघं हसली. मला ऐकवलेल्या वाक्यावर हसली. बारा वर्षं जे वाक्य मी नियम म्हणून गिळलं होतं, ते त्यांच्या घरात विनोद म्हणून वापरात होतं.

न्हावी म्हणाला, "आता भुवया राहिल्यात." मी त्याला थांबवलं. माझी पंचाईत वेगळीच झाली होती. मी ज्या गुन्ह्यासाठी आलो होतो तो झालाच नव्हता. बाबांनी शब्द मोडला नव्हता, गाडी चालवली नव्हती, कुणाचंही पोर चाकाखाली येणार नव्हतं. रस्ता ओलांडून जाऊन काय ओरडणार? आई, तू साठाव्या वर्षी शिकतेस म्हणून? बाबा, तुम्ही तिला शिकवता म्हणून? जे झालं होतं त्याला कुठलं कलम लागत नव्हतं. मी मागच्या रस्त्यानं फिरून तासाभरानं घरी गेलो. आई दार उघडून म्हणाली, "अरे, केस कुठे गेले?" मी म्हणालो, "दवाखान्यात गर्दी होती का?" ती म्हणाली, "होती थोडी." बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "कुणी केलं हे? चार दिवसांत वाढतील." सूर तोच, माणूस निघालाय, रस्त्यातच आहे.

शनिवारी मी दांडा दुरुस्त करायला घेतला. का, ते मला नीट सांगता येणार नाही. बहुधा मला तो साक्षीदार नको होता. मला दर शुक्रवारी तिथे जाऊन तो उजवा कल बघायचा नव्हता. शिवाय तो दांडा हा माझा जुना अपराध होता. बाबांनी ही गाडी घेतली तेव्हा मी एकोणीसचा होतो आणि तिला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम होता. दुपारी बाबा स्कूलच्या बॅचला गेले की मी ती काढायचो. परत आल्यावर जेवढं पेट्रोल गेलं तेवढं बाटलीतून भरायचो, टायर पुसायचो, भिंतीपासूनचं अंतर पट्टीनं मोजून ठेवलेलं असायचं, त्याप्रमाणे इंजिन बंद करून गाडी हातानं मागे ढकलायचो, आवाज नको म्हणून. निघण्याआधी बॉनेटवरची धूळ ब्रशनं पावडरच्या डब्यात गोळा करायचो आणि आल्यावर ती पुन्हा शिंपडायचो. धूळ परत शिंपडणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. सात-आठ वेळा झाल्यावर एक दिवस दांडा सैल लागला, मधे येईना. मला वाटलं, माझ्याच हातानं मोडला, त्या झोपाळू सरांच्या शिकवणीनं मोडला. तरी मी गाडी काढायचं सोडलं नाही, आणि बाबा काही म्हणाले नाहीत. पुढे मी कमावता झाल्यावर भीत भीत म्हणालो, "तो दांडा करून घेऊ या का?" तेव्हा ते म्हणाले, "असू दे रे. त्याच्यावाचून अडतंय का काही?" मला ती माफी वाटली होती. तेव्हापासून मी ती जपून वापरत होतो.

माझा एक मित्र गॅरेजवाला आहे, त्याला सगळे नटबोल्ट म्हणतात. त्यानं पाने दिले आणि फोनवर समजावलं. "वरची मूठ फिरवून काढ. चामड्याचं कव्हर वर ओढ. खाली चार स्क्रू. आत दांड्याच्या बुडाशी एक स्प्रिंग असते, तिचे दोन पाय दांड्याला दोन्हीकडून धरतात. तीच दांडा मधे आणते. ती तुटली असणार. तुकडे तिथेच पडलेले मिळतील."

मी कव्हर ओढलं. आतून जुन्या ग्रीसचा वास आला, बाबांच्या स्कूलच्या शर्टाला यायचा तोच. टॉर्च लावला. फोन खांद्यात धरला होता.

"मिळाले का तुकडे?"

"नाही. अख्खी आहे."

"मग गंजलीय?"

"नाही. बांधलीय."

"काय केलंय?"

स्प्रिंगचे दोन्ही पाय दांड्यावरून उचलून, बाजूला ओढून, मेणाच्या पांढऱ्या दोऱ्यानं एका खिळीला बांधले होते. वर गाठ. ती गाठ मी ओळखतो. स्कूलच्या गाडीला 'शिकाऊ' पाटी त्याच गाठीनं बांधलेली असायची. दोन वेढे आणि एक उलटा फास, चार हजारांपैकी एकालाही सोडता यायची नाही.

"अरे, मग कुणीतरी हातानं केलंय ते," नटबोल्ट म्हणाला. "गाडी स्वतःहून गाठ मारत नाही, भाऊ."

मी फोन ठेवला आणि शेडच्या फरशीवर बसलो. सगळं आपोआप जागेवर येत होतं, कुठल्याही स्प्रिंगशिवाय. बाबा गाडी लावायचे ती रिव्हर्सनं, म्हणजे दांडा उजवीकडे राहणार. मी लावायचो ती पहिल्यात, डावीकडे. बाबांनी धूळ पाहिली नव्हती, पट्टी पाहिली नव्हती. त्यांनी फक्त दांड्याची मान ताठ ठेवणारी स्प्रिंग बांधून टाकली आणि रोज संध्याकाळी येऊन तो कुठे झुकलाय ते पाहिलं. डावीकडे. म्हणजे पोरगं गेलं होतं. त्यांना तेव्हापासूनच्या सगळ्या फेऱ्या माहीत होत्या. आणि ते ओरडले नाहीत. एकदाही नाही. ओरडायचं तर ओरडायचं ना. घरच्याला शिकवायचं तर ओरडावं लागतं, हेच तर त्यांचं म्हणणं होतं. ते जेवताना मला पोळी वाढत होते आणि मी मोडलेल्या दांड्याच्या धास्तीनं मान खाली घालून खात होतो, आणि दांडा मोडलेलाच नव्हता. जी माफी मी इतकी वर्षं वापरली ती सापळ्याची कडी होती. मग पुढचं लक्षात आलं आणि ते जास्त लागलं. ही खूण ज्यानं तयार केली, तो गुरुवारी दांडा उजवीकडे ठेवून कसा उतरेल? एक टिचकी मारली असती की डावीकडे गेला असता. एक तर त्यांना मी ते वाचावं असं वाटत होतं, तोंडानं सांगण्याऐवजी. नाहीतर त्यांना खात्री होती की मला ते वाचता येणार नाही. यातलं कमी वाईट कुठलं, हे मी बराच वेळ ठरवत होतो. मला लिफ्टमधली माणसं आठवली, जी शेवटी बोलणं सोडून नुसती बटणाकडे बघत राहतात.

गाठ सोडता आली नाही, म्हणून ब्लेडनं कापली. पाय आपापल्या जागी बसवले, ग्रीस लावलं, चार स्क्रू, चामडं, मूठ. दांडा डावीकडे नेला, सोडला, तो मधे आला. उजवीकडे नेला, सोडला, मधे आला. वीस-तीस वेळा केलं. दर वेळी टक् असा समजूतदार आवाज यायचा.

रविवारी बाबा शेजारी येऊन बसले. मी किल्ली लावायच्या आधी त्यांचा हात सवयीनं दांड्यावर गेला, न्यूट्रल आहे ना बघायला. त्यांनी तो डावीकडे ढकलून सोडला. टक्. हात तसाच हवेत राहिला. मग उजवीकडे. टक्. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं.

"कधी बसवलीस?"

"काल."

"दोरा?"

"खिशात आहे."

त्यांनी हात पुढे केला. मी दोरा ठेवला. ते त्याची कापलेली टोकं बोटांनी चाचपत राहिले. "कापलास," ते म्हणाले. "गाठ सुटत होती. एक टोक उलटं ओढायचं असतं."

"मला कुणी शिकवलं नाही."

त्यांनी दोरा मुठीत मिटला. मी गाडी काढली. आम्ही नेहमीच्या रस्त्यानं गेलो, पुलापर्यंत, तिथून वळून परत. त्यांचा पाय एकाही वळणावर हलला नाही. मला तेही आवडलं नाही. परत येऊन मी शेडमध्ये शिरलो, सरळ, बॉनेट गादीला टेकेपर्यंत, गिअर काढला, दांडा मधे आला. बाबांनी पुन्हा हात ठेवून तो तिथेच असल्याची खात्री केली.

"आता गाडी कुणी नेली ते कसं कळायचं?" ते म्हणाले.

"विचारायचं."

"विचारून कुठे कळतं?" ते माझ्या कानाकडे बघत म्हणाले. हे त्या लिफ्टच्या सुरात नव्हतं. ते दार चाचपत उतरले आणि भिंतीला हात लावून शेडच्या तोंडाशी जाऊन, गाडीच्या वाटेतून एका बाजूला, माझी वाट बघत उभे राहिले.

मी बसून होतो. इंजिन चालूच होतं. मग मी रिव्हर्स टाकला, क्लच सोडला, हळू, अजून हळू, आणि एक हात मागे आलो. गिअर काढला. दांडा टक् करून मधे आला, जसा काही मी मागे आलोच नव्हतो. पुढे बॉनेट आणि गादीच्या मधे एक माणूस उभा राहील एवढी जागा झाली होती. ती नेमकी समोर होती. बाबांना दिसण्यासारखी नव्हती.